लुगडं नेसूनच जाऊ द्या त्यांना

*ताई, आम्ही मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात राहतो. मुलगा-सून बेंगळुरूला असतात. त्यांना मुलगा झालाय, श्रावणात बारसं आहे. चिपीचा विमानतळ आम्हाला जवळ, पण हव्या त्या दिवसाची तिकिटं मुलाला गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मिळाली. मी, माझे मिस्टर, सासूबाई (७६) आणि सासरे (८१) असे चौघं जाणार. चौघंही विमानात पहिल्यांदाच बसणार.*

*सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी चार वर्षांपूर्वी बदलली. गेल्या वर्षी मुंबईला एका मॉलच्या दारातली मेटल डिटेक्टरची कमान त्यांच्यामुळे वाजली. त्यांना दोनदा मागे पाठवलं, लोक बघत राहिले. 'माका चोरासारख्या वाटला' असं त्या अजून म्हणतात. आता मुलगा सांगतो की आजीला पंजाबी ड्रेस घाला, आजोबांना पँट-शर्ट, आणि दागिने सगळे घरी काढून ठेवा, म्हणजे काही वाजणार नाही. त्यावर सासूबाई म्हणतात, 'लगीन झाल्यापासून जोडवी कधी काडूक नाय, आता त्या पोलिसांसाठी काडूचंय नाय.' सासऱ्यांच्या कमरेला चांदीचा करगोटा आहे आणि छातीत पेसमेकर. रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो आणि कोणीतरी रुसून उठतं. कोणी काय घालावं, काय काढावं?*

प्रिय ताई,

सासूबाईंना लुगडं नेसूनच जाऊ द्या, आणि सासऱ्यांना लेंगा-सदऱ्यात. बाकीचं सविस्तर सांगतेच, पण आजचं रात्रीचं जेवण तरी सगळ्यांचं सुखाने व्हावं म्हणून हे आधी सांगून टाकलं.

तुमच्या मुलाला आजीची काळजी आहे, तिच्यावर पुन्हा तशी वेळ येऊ नये असं त्याला वाटतं. त्याचं मन चांगलं आहे, हिशेब मात्र उलटा झालाय. आपल्या जुन्या कपड्यांत धातू किती असतो ते डोळ्यांपुढे आणा. लुगडं म्हणजे नुसतं नऊ वार कापड. कमरेला गाठ, पुढे निऱ्या खोचलेल्या, मागे कासोटा खोचलेला. त्यात हुक नाही, चेन नाही, बक्कल नाही. सासूबाई अजून पुढे गाठ मारायची चोळी घालत असतील तर तिलाही हुक नसतो. लेंग्याला नाडी असते, सदऱ्याला चार प्लास्टिकची बटणं. आता मुलाने सुचवलेली पँट बघा. पट्ट्याचं बक्कल, धातूची चेन, कमरेचं लोखंडी हुक, आणि जीन्स असेल तर खिशांच्या कोपऱ्यांवर रिबिटं. पंजाबी ड्रेसच्या पाठीला बहुतेक वेळा लांब चेन असते, आणि हल्ली लटकनांत धातूचे मणी भरलेले असतात. म्हणजे जे कपडे वाजू नयेत म्हणून घालायचे, त्यांच्यातच वाजण्याचं सामान जास्त.

आणि गुडघा तर आहेच. तो कुठल्याही कपड्याआड लपणार नाही. बदललेल्या सांध्यात कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो, टायटेनियम असतं, मध्ये प्लास्टिकची गादी असते. एवढा धातू बहुतेक कमानींना कळतोच. तेव्हा सासूबाईंच्या बाबतीत कमान वाजणार, असं धरूनच चला. खरं विचारायचं ते असं की ती वाजल्यावर पुढचं काम चटकन आणि मानाने कसं होईल. तिथे लुगडं फार उपयोगी पडतं. पडद्याआड तपासणाऱ्या बाईला शस्त्रक्रियेचा व्रण दाखवायची वेळ आली तर लुगडं बसल्याजागी गुडघ्यापर्यंत वर घेता येतं. घट्ट चुडीदार वर सरकता सरकत नाही. परक्या ठिकाणी, परक्या बाईपुढे, शहात्तर वर्षांच्या माणसाला नाडी सोडायला लावणारा कपडा घालू नये.

ही कमान नेमकी काय करते ते सासूबाईंना नीट समजावून सांगा. मला वाटतं, त्यांच्या मनातला सल त्यानेच थोडा निघेल.

कमानीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत तारांची वेटोळी असतात. त्यांतून वीज सोडली की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते सेकंदात कितीतरी वेळा उठतं आणि विझतं. या बदलत्या क्षेत्रात धातू आला की त्या धातूच्या अंगात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. भरती फिरताना खाडीच्या तोंडाशी पाणी गरगरतं ना, तसेच. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं, ते वेटोळ्यांना जाणवतं, आणि कमान वाजते. म्हणून लोहचुंबकाला न चिकटणारं सोनं, चांदी, तांबं, ॲल्युमिनियम हे सगळं वाजू शकतं. धातूतून वीज जितकी सहज वाहते तितके भोवरे जोरकस, आणि सगळ्या धातूंत वीज सर्वांत चांगली वाहते ती चांदीतून. सासऱ्यांचा करगोटा त्यात आला. पाटलीसारख्या बंद कड्यात वीज गोल फिरू शकते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या सुट्या तुकड्यांपेक्षा ती जास्त ठळक जाणवते. काचेच्या बांगड्यांचं काहीच नाही. बारशाला म्हणून हिरवा चुडा भरणार असाल तर खुशाल भरून जा.

पण धातू कशाचा आहे हे त्या कमानीला कळत नाही. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती अंगात कुठे रुतली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन गेले. यंत्र चालत होतं. पण गारफिल्ड ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी तारा होत्या. यंत्राला गोळी आणि गादीची तार यांतला फरक सांगता येईना. डॉक्टरांनीही अंगाच्या एकाच बाजूला शोधू दिलं. गोळी काही मिळाली नाही. इतक्या वर्षांत यंत्रं फार सुधारली, तरी 'इथे धातू आहे' यापलीकडे ही कमान आजही काही सांगत नाही. सुरी आहे की डॉक्टरांनी बसवलेला गुडघा, हे माणसालाच बघावं लागतं. सासूबाईंना सांगा की मॉलच्या दारात यंत्राने त्यांना चोर म्हटलं नव्हतं. त्यांच्या गुडघ्यात धातू आहे एवढंच ते बोललं, आणि ते खरं होतं. चूक होती ती त्यांना खुर्ची न देता चारचौघांत दोनदा मागे पाठवणाऱ्या माणसांची.

विमानतळावर हे जास्त नीटनेटकं चालतं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदाहारला नेलं, तुमच्या मिस्टरांना आठवत असेल. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा एकेक करत सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. कमानीतून गेल्यावर आपल्याकडे प्रत्येक प्रवाशाला हातातल्या डिटेक्टरने तपासतात, कमान वाजो न वाजो. बायकांची रांग वेगळी असते, तपासणारी बाईच असते, आणि तपासणी पडद्याआड होते. म्हणजे सासूबाईंना एकटीला बाजूला काढलं असं होणारच नाही. त्यांच्या पुढच्या कॉलेजातल्या मुलीलाही त्याच पडद्याआड जावं लागणार आहे. हे त्यांना निघण्याआधी दोन-तीनदा सांगून ठेवा.

पडद्याआड गेल्या गेल्या, डिटेक्टर अंगावरून फिरायच्या आधी, त्यांनी स्वतःच सांगावं, 'उजवा गुडघा बदललेला आहे.' मालवणीत सांगितलं तरी चालेल, मोपाला समजणारं कोणीतरी असतंच. परतीच्या वेळी बेंगळुरूला मात्र अडचण येऊ शकते, म्हणून एका चिठ्ठीवर इंग्रजीत आणि हिंदीत हे वाक्य लिहून त्यांच्या हातात द्या. शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत पिशवीत असू द्या. कागद दाखवला म्हणून तपासणी टळत नाही, पण समोरच्या बाईला अंदाज येतो आणि ती निवांतपणे काम करते. आणि तिकिटाबरोबरच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. सासूबाई 'मी काय लुळी आसंय?' म्हणतील, तरी मागा. विमानतळावर चालणं फार असतं आणि रांगेत उभं राहणं त्याहून जास्त. त्या खुर्चीत बसल्या तर त्यांची तपासणी बसल्याजागी हाताने होईल, कारण खुर्चीच लोखंडी, ती कमानीतून नेऊन उपयोग नाही.

आता जोडवी. ती काढायची नाहीत. पाटल्या काढायच्या नाहीत. मंगळसूत्र तर नाहीच. देशातल्या प्रवासात साधारणपणे हे दागिने काढायला सांगत नाहीत. तपासणारी बाई डिटेक्टर फिरवते, मंगळसूत्रापाशी वाजलं की बघते, पुढे जाते. या बायकाही कोणाच्या लेकी-सुना आहेत, जोडवी म्हणजे काय ते त्यांना आपण सांगायला नको. वाजू नये एवढ्यासाठी पन्नास-साठ वर्षं पायात असलेली वस्तू काढायला लावणं मला अजिबात पटत नाही. उलट, काढलेले दागिने ट्रेमध्ये राहून जातात, हातरुमालात बांधलेले हरवतात. अंगावरचं सोनं अंगावरच सगळ्यांत सुरक्षित. बारशासाठी जास्तीचं काही नेणार असाल, बाळाचे वाळे, साखळी, तर ते हातातल्या पर्समध्ये ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत नको.

लपलेल्या धातूबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण याचा त्रास मी जवळून पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन एका विमानतळावर होते. आईच्या अंगावर मंगळसूत्र आणि दोन बांगड्या, बाकी काही नाही. पण डिटेक्टर तिच्या कमरेपाशी पुन्हा पुन्हा वाजत होता. आधी चपला काढायला लावल्या, मग बांगड्या, मग साडीच्या निऱ्या चाचपून पाहिल्या. तपासणारी बाई चिडली, आवाज चढवला. आई घाबरून गेली आणि घाबरल्यावर तिला काही आठवेना. मी पडद्याबाहेर, मला आत जाऊ देईनात. शेवटी सापडलं ते काय? परकराला आतून शिवलेल्या चोरखिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. गोळ्यांची पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असते हे आईच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही आलं नाही. आई विमानात बसल्यावर कितीतरी वेळ काही बोलली नाही. मी तिचा हात धरून बसले होते, तो गार पडला होता. निघण्याआधी मी फक्त 'खिशात काय आहे?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, घरून निघताना दोघांचेही खिसे तुम्ही स्वतः, त्यांच्या समोर बसून, एकेक करून रिकामे करा.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका वस्तू कुठे कुठे ठेवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कनवटीला सुट्टे पैसे. ओच्यात कपाटाची किल्ली. मशेरीची किंवा तपकिरीची पत्र्याची डबी. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेलं दहाचं नाणं, देवळात टाकायला म्हणून. चोळीत दुमडून ठेवलेल्या नोटांना लावलेली टाचणी. गळ्यात तांब्याच्या नाहीतर चांदीच्या पेटीतला ताईत. केसांत आकडे. यांतलं ताईतासारखं श्रद्धेचं असेल ते राहू द्या, फक्त सांगायचं लक्षात ठेवा. बाकी सगळं एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी ट्रेमध्ये ठेवा. पलीकडे गेल्यावर तीच पिशवी त्यांच्या हातात परत मिळणार आहे हे आधी सांगून ठेवा, नाहीतर किल्ली सोडायला त्या तयार होणार नाहीत.

सासऱ्यांचं आधी पेसमेकरपासून सुरू करूया, ते सगळ्यात महत्त्वाचं. जाण्यापूर्वी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. सर्वसाधारण रीत अशी आहे: पेसमेकरवाल्या माणसाने कमानीतून नेहमीच्या चालीने जायला हरकत नसते, पण कमानीत थांबायचं नाही, फळीला टेकायचं नाही, तिच्याशेजारी गप्पा मारत उभं राहायचं नाही. हातातला डिटेक्टर पेसमेकरवर धरून ठेवू द्यायचा नाही. त्यापेक्षा आधीच सांगून हाताने तपासायला सांगावं. पेसमेकर बसवताना मिळालेलं ओळखपत्र सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा, मोठ्या बॅगेत नको. तुमचे मिस्टर त्यांच्या बरोबरच रांगेत राहतील, म्हणजे सांगायला कोणीतरी असेल. सदरा पुढून बटणांचा असू द्या. डोक्यातून घालायच्या बंद गळ्याच्या झब्ब्यापेक्षा पेसमेकरची जागा दाखवायला तो सोपा.

करगोट्याबद्दल मी जबरदस्ती सांगणार नाही. काळ्या दोऱ्याचा असता तर प्रश्नच नव्हता. चांदीचा आहे, म्हणजे कमरेपाशी वाजेल, आणि तो कपड्याच्या आत असल्यामुळे तपासणाऱ्याला दिसणार नाही. जे दिसत नाही त्याला वेळ लागतो. म्हणून दोन वाटा आहेत. सासऱ्यांची हरकत नसेल तर प्रवासापुरता काळा करगोटा बांधावा आणि चांदीचा पर्समध्ये न्यावा, बारशाच्या दिवशी पुन्हा घालता येईल. त्यांना ते नको असेल तर तसंच जावं, आणि डिटेक्टर कमरेजवळ यायच्या आत सदरा थोडा उचलून 'चांदीचा करगोटा आहे' म्हणून दाखवावं. ठरवू त्यांनाच द्या. शरीर त्यांचं, आणि करगोटाही बहुतेक त्यांच्या आईने नाहीतर आजीने बांधलेला असेल.

तुमच्या मिस्टरांना फार सांगायला नको. पट्टा सोडून ट्रेमध्ये ठेवायचा, मोबाइल, पाकीट, किल्ल्या, घड्याळ, सगळं ट्रेमध्ये. तंबाखूची पुडी खिशात असेल तर तिच्या आतला चंदेरी कागदही वाजू शकतो. पायांत जाड तळव्याचे बूट घालणार असतील तर आतल्या तळव्यात पोलादी पट्टी असू शकते, आणि बोटीवर नाहीतर कारखान्यात वापरायच्या बुटांच्या टोकाला पोलादी टोपी असते. ते बूट नकोत. नाडीची पँट असती तर मी तीच सुचवली असती.

तुम्ही स्वतः काय घालणार ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सगळ्यांची काळजी करताना आपलं राहूनच जातं. सुती किंवा मऊ सिंथेटिक साडी नेसा. पिना कमी लावा. खांद्यावर एक, निऱ्यांना एक, पुरे. एकदोन सेफ्टीपिनांनी कमान सहसा वाजत नाही, पण हातातला डिटेक्टर जवळून फिरतो, त्याला पिनही कळते, आणि मग प्रत्येक पिनेपाशी थांबणं आलं. ब्लाउजची हुकं चालतील. आत तार घातलेली ब्रा मात्र त्या दिवशी टाळा. ती तार पोलादाची असते आणि नेमकी अशा जागी वाजते की तपासणाऱ्या बाईलाही अवघड होतं आणि आपल्यालाही. केसांना प्लास्टिकचा चाप लावा. गजरा खुशाल माळा, अबोलीचा असो की सुरंगीचा, फुलांचं काही वाजत नाही. बारशाला पैठणी नेसायची असेल तर ती नेसून प्रवास करू नका, बॅगेत न्या. खऱ्या जरीत चांदीची तार असते, आणि सबंध पदर म्हणजे त्या तारेचीच वीण. पाठदुखीसाठी कमरेला पट्टा लावत असाल तर त्यातही धातूच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. तो काढून ट्रेमध्ये ठेवा, विमानात बसल्यावर परत लावा.

पावसाचे दिवस आहेत, त्यामुळे पायांत सगळ्यांनी रबरी चपला घातल्या तर उत्तम. त्यांत धातू नसतो, भिजल्या तरी चालतात, आणि काढायला सांगितल्या तर वाकावं लागत नाही. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरी वहाणाही चालतील, त्या चामड्याच्याच वादीने शिवलेल्या असतात, खिळे नसतात. पट्टीचं बक्कल असलेल्या सँडल नकोत. अंगावर रेनकोट असेल तर त्याची टिचबटणं धातूची असतात, म्हणून तो आत शिरण्याआधीच काढून पिशवीत घाला.

कुठे मेटल डिटेक्टरच्या कमानीऐवजी दोन्ही हात वर करून उभं राहायचा बॉडी स्कॅनर लागला, तर तिथलं थोडं निराळं. तो स्कॅनर मिलिमीटर लहरी अंगावर सोडतो आणि धातू नसलेली वस्तूही दाखवतो. रुमालाची घडी, जाड निऱ्या, कनवटीची गाठ, काहीही. तिथे लुगड्याच्या घड्यांपाशी एकदा हाताने चाचपून पाहतील एवढंच. त्या आधी खिसे पूर्ण रिकामे, रुमालसुद्धा नको. मुलाने कधी तुम्हाला परदेशी नेलं तर हे लक्षात असू द्या.

कपड्यांपलीकडचं एकच सांगते, कारण कोकणातून माणूस रिकाम्या हाताने जात नाही. सासऱ्यांची पानाची चंची मोठ्या बॅगेत घाला, निदान अडकित्ता तरी. धारेची वस्तू हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत आणि तिथे काढून घेतलेली परत मिळत नाही. सुनेसाठी विळी-खवणी नेणार असाल तर तीही मोठ्या बॅगेत, कापडात गुंडाळून. सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून मनाई आहे. ही मनाई मार्च २०२२ पासूनची आहे. डिंकाच्या लाडवांना खोबरं लागणारच, तर ते किसून, भाजून, लाडू वळूनच न्या.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घरात एकदा करून बघा. देवघराच्या चौकटीतून सासूबाईंना चालत येऊ द्या, तुम्ही पलीकडे लाटणं घेऊन उभ्या राहा आणि ते त्यांच्या अंगावरून फिरवा, खांदे, कंबर, गुडघे. गुडघ्यापाशी आलात की त्यांना म्हणायला लावा, 'उजवो गुडघो बदललेलो आसा.' सासऱ्यांनाही एकदा करगोटा दाखवून घेऊ द्या. नातवंडं असती तर त्यांनी हसून घर डोक्यावर घेतलं असतं. पण दोघांना तोंडाने बोलायची सवय होईल, आणि मोपाला रांगेत उभ्या असताना त्यांच्या पायात गोळे येणार नाहीत. बॅगा द्यायच्या, चौकशीच्या आणि तपासणीच्या रांगा धरून तिथे विमानाच्या वेळेआधी दोन तास तरी पोचा. श्रावणातल्या पावसात मालवणहून निघताना झाडं पडून रस्ता अडतो, म्हणून घरून निघायची वेळ आणखी तासभर अलीकडे ओढा.